कट्यारीच्या टोकावरचं लिंबू

आमच्यात नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. का, ते कुणी विचारत नाही. दृष्ट लागू नये म्हणून म्हणा, नाहीतर घाबरलेला नवरा स्वतःलाच भोसकून घेईल म्हणून म्हणा. बेंगळुरात आम्ही शहाजीराजांच्या काळापासून आहोत, तेव्हा रीत मोडायची नाही एवढं नक्की. लग्न लागून नवरानवरी घरचा उंबरा ओलांडेपर्यंत ते लिंबू काढायचं नाही. आणि त्याच लिंबावर माझ्या भाच्याची, शंभूराजची, सात वर्षं अडकली होती. हसू नका. मी कोर्टात हसलो तेव्हा शिपायानं मला बाहेर काढलं होतं.

झालं असं. शंभूराज पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करतो. शेजारच्या लेथवर योगीराज. हा निपाणीकडचा पोरगा, आईला घेऊन दासरहळ्ळीत राहतो. दोघांचा डबा एक, मोटरसायकल एक, भांडणंही एकच, ती रोज पहिल्यापासून सुरू व्हायची. शंभूराजचं लग्न ठरलं तेव्हा नवरीइतकंच योगीराजनं मिरवून घेतलं.

हेब्बाळच्या पुढं एका कल्याण मंटपात लग्न. नवरदेव घोडीवरून आला. आता आमच्या घराण्याचा आणि घोड्यांचा संबंध मी साऱ्या लग्नाला आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता. आमचा एक पूर्वज विजापूरहून निघाला तो बेंगळुरात पोचेपर्यंत घोड्यावरून उतरलाच नाही, जेवणसुद्धा वरच, त्यामुळं त्याच्या घोड्याला पिठलं-भाकरी आवडायला लागली, वगैरे. तर त्या घराण्याचा हा वंशज. मंटपाच्या दारात घोडीनं झेंडूच्या तोरणाला तोंड घातलं आणि नवरदेव तिच्या मानेवरून घसरला. मानेला मिठी मारून लोंबकळत त्यानं "आई गंऽऽ" म्हणून अशी हाक मारली की बँडवाला थांबला.

योगीराजनं सगळं फोनमध्ये घेतलं.

"या, या, बघून घ्या! चारशे वर्षं घोड्यावर बसलेलं घराणं!" तो ओरडला. "रात्री रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर लावतो!"

लोक हसले. शंभूराजला चौघांनी खाली उतरवलं. फेट्याखाली त्याचा चेहरा कुंकवासारखा झालेला.

"फोन दे, योग्या."

"नाही देत, जा."

"पुसून टाक आणि दे."

"एवढी कट्यार हाय की हातात मर्दा. घे जिंकून!"

पुढचं मला दिसलं नाही. मी घोडीच्या पलीकडं होतो आणि मला दिसत होती ती फक्त तिची शेपटी. एक किंकाळी ऐकू आली. घोडी बाजूला झाली तेव्हा योगीराज पायरीवर बसला होता, उजव्या पंजातून रक्त गळत होतं, आणि त्याचा फोन शंभूराजच्या शेरवानीच्या आतल्या खिशात गेला होता. योगीराजनं पातं हातानं धरलं होतं, एवढं दिसत होतं. कट्यार शंभूराजच्या हातात होती. टोकाला लिंबू होतं का? तेव्हा तिकडं कुणी बघतं का? रक्ताकडं बघतात.

त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मुहूर्त टळू नये म्हणून लग्न लावलं. इथंच आमचं चुकलं असं लोक म्हणतात. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या छातीत फोन वाजायला लागला. भटजींनी आवाज चढवला, फोननंही चढवला. शेवटी शंभूराजनं तो बंद करायला बाहेर काढला. पडद्यावर नाव होतं 'आई'. अंतरपाटाच्या पलीकडून सौम्यानं, म्हणजे नवरीनं, ते वाचलं.

ती योगीराजची आई, नाव चंद्राबाई. फोन उचलला नाही म्हणून ती शोधत दवाखान्यात पोचली, आणि तिथून पोलिसांत. पोलिसांनी कलम लावलं ते घातक हत्यार वापरून जबरी चोरीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर कट्यार जप्त करायला आला. माझी थोरली बहीण मालनबाई, शंभूराजची आई, देवघरात गेली. कट्यार रात्रीच धुऊन पुसून ठेवली होती. तिनं तिला कुंकू लावलं, फ्रीजमधून ताजं लिंबू काढलं, टोकाला खोचलं आणि दोन्ही हातांनी कट्यार इन्स्पेक्टरच्या पुढं धरली.

"हे काय अम्मा?"

"नागवी कट्यार उंबऱ्याबाहेर जात नसते, साहेब."

इन्स्पेक्टरनं लाडू खाल्ला आणि पंचनाम्यात लिहिलं: टोकास लिंबू असलेली कट्यार, एक.

तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते आमच्या वकिलाच्या. भगवंतराव आमच्याच नात्यातले, पण फी परक्यासारखी घेणारे. पंचनाम्याची नक्कल वाचता वाचता ते खुर्चीतून अर्धे उठले.

"हे लिंबू कुठून आलं?"

"मी खोचलं," अक्का म्हणाली.

"मालनअक्का, हे वाक्य पुन्हा कुणापुढं बोलायचं नाही. विचारलं तर मौन."

"खोटं बोलू?"

"मौन म्हणालो. मौनाला कलम नाही."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. साधी जबरी चोरी, त्यात दुखापत झाली, तर शिक्षा वर कितीही जाते, पण खाली हद्द नाही. न्यायाधीश माणूस बघतो, पहिलाच गुन्हा बघतो, जखम केवढी ते बघतो, लग्नाचा गोंधळ बघतो आणि तोलून शिक्षा देतो. पण घातक हत्यार वापरलं असं ठरलं की तोलणं संपलं. सात वर्षांच्या खाली नाही.

"न्यायाधीशाला दया आली तर?" मी विचारलं.

"येऊ दे की. दया घरी न्यायची. शिक्षा सातच."

"मग तिथं न्यायाधीश कशाला बसवायचा? वजनकाटा ठेवा. हत्यार घातलं की सातची चिठ्ठी बाहेर."

"आप्पाजी, तुम्ही स्वल्प गप्प बसा. काही देशांत याच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं लिहून ठेवलेली असतात. कुठली गोष्ट वजनात धरायची, किती धरायची. आपल्याकडं एकतर असला खिळा ठोकलेला, नाहीतर न्यायाधीशाचं मन. आपल्याला मनापर्यंत पोचायचंय. आणि तिथं जायची वाट या लिंबावरून जाते. लिंबू टोकाला होतं तर कट्यार नुसती मिरवायची वस्तू. पोरानं स्वतःहून पातं धरलं, कापलं. लिंबू काढलेलं होतं तर घातक हत्यार, आणि तेही ठरवून उघडं केलेलं."

घरी येताना मी अक्काला विचारलं, "अक्का, खरं सांग. लिंबू रीत म्हणून खोचलंस, की तुला हे आधीच सुचलं होतं?"

तिनं बसच्या खिडकीतून बाहेर बघितलं. सदाशिवनगर आलं, गेलं.

"कट्यार धुतलीस तेव्हा टोकाला काही होतं का?" मी पुन्हा विचारलं.

"तुला घोडीची शेपटीच दिसली ना?" ती म्हणाली. "मग तेवढंच बोल."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात संशयाची माशी शिरली ती शिरली.

तडजोडीचा प्रयत्न केला. या कलमात तडजोड चालत नाही असं भगवंतराव म्हणाले होते, तरी माणसानं माणसाकडं जायला काय हरकत, म्हणून मी दासरहळ्ळीला गेलो. योगीराज कामावर होता. टाके निघाले होते, हात चालत होता. चंद्राबाईनं मला चहा दिला, पण कप ठेवताना असा ठेवला की बशीत सांडला.

"सात वर्षं लई हुतात म्हणून सांगायला आलासा?"

"जास्त नाहीत का, बाई? तुमच्याच मुलाचा दोस्त."

"दोस्तानं पोटात घातली असती तर? हातानं धरली म्हणून हात गेला. न धरता तर?"

"न्यायाधीशानं सगळं बघून काय ती द्यावी, एवढंच आमचं..."

"न्यायाधीशानं बघून!" ती म्हणाली. "माज्या भावाला गावात कोयत्यानं मारलं. मारणाऱ्याचं वय बघितलं, त्याच्या बापाचं वय बघितलं, घरात शिकलेली माणसं हाईत ते बघितलं. समदं बघितलं आणि सोडला. माज्या भावाकडं तेवढं बघायचं ऱ्हायलं. म्हणून मला ते सात बरं वाटतंय. तिथं कुणाच्या मनाचा संबंधच न्हाई."

मी पूर्वजाच्या घोड्याची गोष्ट काढणार होतो, पण तिनं दार उघडून धरलं होतं.

खटला उभा राहिला. सरकारी वकील रम्या नावाची तरुण बाई, आवाज मऊ आणि प्रश्न टोचणारे. न्यायाधीशबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. टेबलावर जप्तीची पिशवी उघडली. कट्यार निघाली आणि तिच्या टोकाला काळं, सुपारीसारखं सुकलेलं काहीतरी.

"हे काय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"लिंबू, मॅडम," शिपाई म्हणाला.

त्यांनी ते पेन्सिलीनं हलवून बघितलं. मग माझ्या जन्मात न पाहिलेला चमत्कार सुरू झाला. सरकारनं स्वतः आणलेले साक्षीदार एकेक करून पिंजऱ्यात चढले आणि प्रत्येकाला लिंबू आठवलं.

आचारी म्हणाला, लिंबू होतं, चांगलं पिवळं, आमच्याच टोपलीतलं. भटजी म्हणाले, लिंबू होतं, मोसंबीएवढं, मला वाटलं या मंडळींत मोसंबी खोचत असतील. घोडीवाल्यानं तर कडी केली. तो म्हणाला लिंबू नारिंगाएवढं होतं, त्याच्या वासानंच घोडी बिथरली आणि नवरदेव पडला.

"घोडी लिंबू खाते?" रम्यानं विचारलं.

"आमची खाते, मॅडम. मीठ लावून."

मी हसलो तो याच वेळी. बाहेर काढलं गेल्यावर बाकावर बसून विचार करत राहिलो. इतक्या वर्षांत मीसुद्धा इतक्या माणसांना एका थापेवर एकत्र आणू शकलो नव्हतो. यांना कुणी पढवलं? भगवंतरावांनी? अक्कानं? सौम्याच्या माहेरच्यांनी? आचारी चहा प्यायला बाहेर आला तसा मी त्याला गाठला.

"खरं सांग, कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, अण्णा."

"मग मोदकाला कळ्या किती ते विसरणाऱ्या माणसाला लिंबाचा रंग कसा आठवला?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "पोलिसांपुढं मी म्हणालो होतो, मला दिसलं नाही. नंतर कळलं, सात वर्षं म्हणे. कमी नाहीच म्हणे. अय्यो, एका मोबाईलसाठी? माझ्या जिभेनं ते नको. वर्ष-दीड वर्ष असतं तर मी दिसलं नाही तेच म्हणालो असतो."

भटजींना विचारलं. ते म्हणाले, "लग्न मी लावलं. मोडायचं पण मीच?" घोडीवाल्याला विचारायची गरज नव्हती.

म्हणजे पढवलं कुणीच नव्हतं. आणि हे मला जास्त भयंकर वाटलं. पढवलेला साक्षीदार फुटतो तरी. हे आपणहून आलेले होते.

मग योगीराजची साक्ष. चंद्राबाई मागच्या बाकावर, पदर घट्ट ओढून. शंभूराज आरोपीच्या जागी उभा, नजर पायाच्या अंगठ्यावर. रम्यानं सगळं क्रमानं विचारलं. घोडी, फोन, चेष्टा. मग म्हणाली, "कट्यार कशी होती?"

"लिंबू होतं," योगीराज म्हणाला.

"काय?"

"टोकाला लिंबू होतं. मी चेष्टेत पातं धरलं. त्यानं मारली न्हाई."

"पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही उघडी कट्यार म्हणालात."

"दुखत हुतं. तेव्हा काय म्हणालो असंन कुणास ठावं."

"तुम्हाला कुणी पैसे दिलेत? धमकी?"

"न्हाई."

रम्यानं अर्धा तास त्याला उलटंपालटं केलं. तो लिंबावरून हलला नाही. मी मात्र त्याच्याकडं न बघता बाकीच्यांकडं बघत होतो, सवयच लागली होती तशी. अक्काचे डोळे मिटलेले. भगवंतराव कागदावर उगाच रेघा ओढत होते. चंद्राबाईचा चेहरा कुणी बघितला असेल तर विसरला नसेल.

शेवटी आमच्या बाजूनं साक्षीदार म्हणून मी. सौम्या मला कोर्टाच्या जिन्यात भेटली. इंदिरानगरच्या ऑफिसातून थेट आली होती, गळ्यातलं ओळखपत्र अजून तसंच.

"मामा, तुम्ही खरंच बघितलंत?"

"म्हणजे काय! शेजारीच होतो."

"सगळ्यांनीच बघितलंय," ती म्हणाली. "हे मात्र... जामिनावर घरी आल्यापासून मी भातावर पिळायला लिंबू कापलं तरी उठून बाहेर जातात. तुम्हाला काय वाटतं?"

मला जे वाटत होतं ते जिन्यात बोलण्यासारखं नव्हतं.

पिंजऱ्यात चढलो. मनाशी एक देखणं लिंबू तयार करून ठेवलं होतं, पानासकट. रम्यानं विचारलं, "तुम्ही कुठं उभे होता?"

"नवरदेवाशेजारी."

"घोडीवाला म्हणतो तुम्ही घोडीमागं होता."

"घोडी फिरली, मॅडम. मी तिथंच."

"लिंबू केवढं होतं?"

सुपारी, मोसंबी, नारिंग सगळं आधीच होऊन गेलेलं. कुठलंही माप घेतलं तरी कुणीतरी खोटं पडणार.

"लिंबाएवढं," मी म्हणालो.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "या खटल्यात," त्या म्हणाल्या, "लिंबाशिवाय कुणाला काहीच आठवत नाही." आणि माझ्याकडं असं बघितलं की मी पिंजऱ्यातून उतरताना पायरी चुकलो.

तरी निकाल लागला तो लिंबाच्या बाजूनं. न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं: संशय आहे, पण जखमी स्वतःच लिंबू होतं म्हणतो, पंचनाम्यातही आहे, तेव्हा घातक हत्यार वापरल्याचं निर्विवाद शाबीत होत नाही. ते कलम गळलं. दुखापत करून जबरी चोरी मात्र शाबीत. आरोपी त्यात दोषी.

भगवंतरावांनी टेबलाखाली माझा हात दाबला. अक्का आचाऱ्याकडं बघून पहिल्यांदा हसली. सात संपले होते. आता राहिलं ते न्यायाधीशाचं मन, आणि भगवंतरावांचा अंदाज होता वर्ष, फार तर दीड. नशीब असेल तर चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी.

"शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

भगवंतराव उठले. पहिलाच गुन्हा, नवं लग्न, म्हातारी आई. चांगलं बोलले. मग त्या शंभूराजकडं वळल्या.

"तुम्हाला?"

पद्धत म्हणून विचारतात. आरोपी हात जोडतो, दया करा म्हणतो, खाली बसतो. शंभूराजनं हात जोडले.

"मॅडम, लिंबू मीच काढलं होतं."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं.

"अंगठ्यानं उडवलं. त्याला भीती वाटावी म्हणून. योग्या माझ्यासाठी खोटं बोलला. त्याला काही करू नका."

भगवंतराव अर्धे उठले तसेच राहिले, ना बसलेले ना उभे. आणि मागं बघतो तो आचारी दारातून बाहेर. भटजी उपरणं सावरत त्याच्यामागं. घोडीवाला कधी गेला ते दिसलंच नाही. माझ्याही पायांत ती इच्छा आली होती, पण अक्कानं माझा सदरा धरून ठेवला होता.

न्यायाधीशबाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "दोष ठरवताना हे माझ्यासमोर नव्हतं. शिक्षा ठरवताना आहे." रम्याला विचारलं, "सरकारला काही म्हणायचंय?"

रम्या उभी राहिली. तिनं फाईल उघडली, मिटली. "न्यायालय योग्य ती शिक्षा देईल," म्हणाली आणि बसली.

चार वर्षं.

जेवणाच्या सुट्टीत मी भगवंतरावांना खांबाआड गाठलं. माझी माशी अजून मेली नव्हती.

"खरं सांगा. तुम्हीच शिकवलंत ना? मोठं कलम गळलं, आता खरं बोल, दोष काही बदलत नाही, आणि बाईंवर छाप पडेल?"

ते माझ्यावर असे खेकसले की शेजारचा पक्षकार दचकला. "मी शिकवलं? वर्षात सुटणारा पोरगा चारला गेला! आणि चारवर तरी कुठं थांबलंय? फिर्यादी पक्ष वर अपिलात जाऊ शकतो. मोठं कलम का गळलं म्हणून विचारू शकतो. पोरानं तोंडानं कबूल केलंय, नोंद झालीय. गेले तर सात! तुमचा भाचा गाढव आहे, आप्पाजी. कुणाच्या वळणावर गेलाय ते मला माहीत आहे."

योगीराज काही आपणहून वर जाणार नव्हता; त्याला नाहीतर सरकारला उठवलं तर चंद्राबाईच उठवणार, म्हणजे आता सगळं तिच्या हातात. अक्का बाकावर बसूनच राहिली. सौम्या तिला पाणी पाजत होती. मी बाहेर धावलो, जेवढं या वयात धावता येतं तेवढं. चंद्राबाई फाटकाजवळ सावलीत एकटी उभी होती.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही वर जाणार?"

ती माझ्याकडं बघून हसली, पण त्या हसण्यात मला बसायला जागा नव्हती.

"वर गेलं की काय सांगायचं? माजा ल्योक खोटारडा हाय म्हणून?"

"तसं नाही, पण..."

"तसंच हाय. तुमच्या आचाऱ्यानं, भटानं, घोडीवाल्यानं, तुमी. समद्यांनी मिळून त्या लिंबाखाली माज्या लेकाचं रगत झाकलासा. आणि शेवटी झाकायला माजाच ल्योक उभा ऱ्हायला. मी घरात इचारलं त्येला, का रं? म्हणतो, आये, सात म्हंजे लई हुतं, त्याचं लगीन झालंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं हुतं खिळा ठोकला म्हंजे कुणी हलवत न्हाई. तुमी खिळा ऱ्हाऊ दिलासा, भिंतच काढून नेलासा."

"मग चार वर्षं..."

"चार बास. इचारू नका पुन्यांदा, न्हाईतर मन बदलंल."

मी विचारलं नाही. खरं तर विचारायचं होतं, कारण बायका असं म्हणतात आणि आठवड्यानं वकील गाठतात.

पोलिसांची गाडी मागच्या बाजूला उभी होती. शंभूराजला आत बसवलं होतं, जाळीला तोंड लावून तो बसलेला, आणि बाहेर योगीराज. मी जवळ गेलो तर दोघं भांडत होते, पहिल्यापासून.

"गाढवा, एवढं खोटं बोललो मी! रात्रभर पाठ केलं हुतं!"

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"आता आत कोण जेवणार तुझ्यासंगं? तुला भाकरी कुस्करता येत न्हाई नीट."

"येईल. शिकेन."

"का बोललास पण? सांग की. सुटला हुतास."

शंभूराज जाळीतून माझ्याकडं बघून थांबला. मी तोंड फिरवलं, कान मात्र तिथंच ठेवले.

"तू लिंबू म्हणालास," तो म्हणाला, "तेव्हा मी मान वर केली. तुझी आई तुझ्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. आज निकाल वाचतानापण. मी म्हटलं, या बाईच्या घरी मी इतकी वर्षं जेवलो."

हवालदारानं गाडीचं दार ओढलं. गाडी सुरू झाली तसा योगीराज तिच्याबरोबर चार पावलं चालला, मग कडा धरून पळायला लागला, आणि सोड म्हणून हवालदार आतून कानडीत ओरडला, "ए, बिडु, बिडु!" तेव्हा कुठं त्यानं हात सोडला.